मापात पाप : गोव्याची नाकेबंदी आणि लोहखनिजाचा व्यापार

कोकणच्या किनाऱ्यावर दोन शब्द पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आले आहेत : निर्यात आणि चोरटा व्यापार. दोन्हींत माल समुद्रावरून जातो. दोन्हींत कुणीतरी कागद रंगवतो आणि कुणीतरी डोळेझाक करतो. पण पहिल्या शब्दाच्या वाट्याला बंगला, कारखाना, शाळेच्या इमारतीवरचे नाव आणि सरकारी समितीवरची खुर्ची येते. दुसऱ्याच्या वाट्याला पोलीस चौकी आणि गावभर बदनामी. ही वाटणी कशी झाली हे समजून घ्यायचे, तर १९५५ ते १९६१ या काळातल्या गोव्याच्या नाकेबंदीकडे आणि त्या नाकेबंदीला पुरून उरलेल्या लोहखनिजाकडे पाहावे लागते.

आपल्या भागाला हा इतिहास परका नाही. आज गणपतीपुळ्याहून गोव्याला निघाले की मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. पण सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्याआधी बाणकोटपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत सगळा एकच रत्नागिरी जिल्हा होता. १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान विलीन झाले आणि पोर्तुगीज गोव्याची उत्तर हद्द ही रत्नागिरी जिल्ह्याची दक्षिण हद्द ठरली. म्हणजे भारत सरकारने गोव्याची कोंडी केली तेव्हा त्या कोंडीचे उत्तरेकडचे दार आपल्याच जिल्ह्यात होते. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, वेंगुर्ले या बंदरांतल्या तांडेल-खलाशांत आणि दालदी मच्छीमारांत मुसलमानांची घरे पुष्कळ. सरहद्द बंद होते म्हणजे काय, हे या लोकांना वर्तमानपत्र वाचून कळण्याची गरज नव्हती.

कोंडी कशी झाली

१९४७ मध्ये इंग्रज गेले, १९५४ मध्ये फ्रेंचांनी पाँडिचेरीचा ताबा दिला, पण सालाझारच्या पोर्तुगालने गोवा सोडण्याचे नाव काढले नाही. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच समुद्रापलीकडचा प्रांत आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. १९५४ च्या पावसाळ्यात दादरा आणि नगरहवेली मुक्त झाले. त्याच वर्षापासून गोव्याशी येण्याजाण्यावर आणि मालावर बंधने येऊ लागली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पत्रादेवीसह ठिकठिकाणी पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसे मेली. त्यानंतर भारताने संबंध तोडले आणि कोंडी पूर्ण केली. कॅसलरॉकवरून मुरगावला जाणारी रेल्वे थांबली. मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकरांचा घरी पैसे पाठवण्याचा रस्ता अडला.

कोंडीमागचा हिशेब सोपा होता. गोव्याचा तांदूळ, भाजी, कापड, सिमेंट, चाकरमान्यांचे पैसे हे सगळे भारतातून येते; ते थांबवले की काही महिन्यांत पणजीचे सरकार टेकीला येईल. शस्त्र न उचलता पोटाच्या मार्गाने प्रश्न सोडवायचा, असा तो विचार होता. नेहरूंच्या एकंदर धोरणाशी तो जुळणाराही होता. आज आंतरराष्ट्रीय राजकारणात ज्याला आपण निर्बंध म्हणतो, तेच हे.

हिशेब चुकला. गोव्यात बटाटे हॉलंडहून येऊ लागले, तांदूळ आणि भाजीपाला कराचीहून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून आणि पोलाद बेल्जियमहून. दाबोळीला विमानतळ झाला आणि १९५५ मध्ये गोव्याची स्वतःची विमान कंपनी निघाली. १९५९ मध्ये रुपिया जाऊन एस्कुदो हे पोर्तुगालचे चलन आले. कोंडीत सापडलेला मुलूख उपाशी मरण्याऐवजी परदेशी चीजवस्तूंनी भरलेला दिसू लागला. या सगळ्याचे पैसे कुठून आले? उत्तर डिचोली, सत्तरी आणि सांगे तालुक्यांच्या डोंगरांत होते.

डोंगरातली नाणी

गोव्यातल्या खाणींचा कायदा २० सप्टेंबर १९०६ च्या पोर्तुगीज फर्मानाचा. त्याखाली जी 'कन्सेशन' मिळे तिला मुदत नव्हती. वर्षाचा कर भरत राहा, डोंगर तुमचा, मुलाचा, नातवाचाही. सुरुवातीला या परवान्यांना फार मोल नव्हते, कारण खनिज खणून त्याचे करायचे काय, हा प्रश्न होता. गोव्यात पोलादाचा कारखाना नव्हता, लिस्बनला त्या मातीची गरज नव्हती.

दुसरे महायुद्ध संपले आणि गिऱ्हाईक सापडले. बेचिराख झालेल्या जपानला पुन्हा उभे राहायचे होते; त्याच्याजवळ भट्ट्या होत्या, कोळसा मिळवता येत होता, लोहखनिज नव्हते. १९५१ मध्ये चौगुले कंपनीने जपानच्या कोकान मायनिंग कंपनीशी करार केला. जपानने यंत्रसामग्री उधारीवर द्यायची आणि गोव्याने ती उधारी खनिजाने फेडायची, असा तो व्यवहार. शिरगावची खाण यंत्रांवर चालू लागली. तोवर पाटी-कुदळीने चालणारा धंदा आता यांत्रिक फावड्याने चालू लागला. पश्चिम जर्मनी आणि इटलीतले कारखानेही गिऱ्हाईक झाले. खाणीतून ट्रक, ट्रकमधून मांडवी-जुवारीच्या पात्रातली बार्ज, बार्जमधून मुरगाव बंदरातले जहाज, अशी ती साखळी होती. १९५४ च्या सुमारास वर्षाची निर्यात दहा लाख टनांपर्यंत गेली होती. नाकेबंदीच्या सहा वर्षांत ती घटण्याऐवजी कितीतरी पटींनी वाढली.

कोंडी फसण्याचे कारण येथे आहे. भारताने जमिनीची दारे लावली, पण समुद्राचे दार उघडेच राहिले. ते बंद करायचे तर आरमार उभे करावे लागले असते आणि ते युद्धच ठरले असते. शिवाय पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा सभासद. दुसरे असे की ही बंधने एकट्या भारताची होती. संयुक्त राष्ट्रसंघाचा ठराव नव्हता. जपान किंवा पश्चिम जर्मनी त्याला बांधील नव्हते. दोघेही भारताचे मित्र, दोघांशी भारताचा व्यापार, आणि दोघेही गोव्याचे खनिज घेत होते. भारताने त्यांना रोखले नाही, रोखू शकतही नव्हता. आणि तिसरे, खाणींचे मालक लिस्बनचे गोरे नव्हते. बहुतेक सगळे मराठी-कोकणी बोलणारे गोमंतकीय व्यापारी होते. चौगुले, धेंपे, साळगावकर, तिंबलो, बांदोडकर ही नावे घ्या. त्यांचे नातलग, देवदेव, बाजारपेठा सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना होत्या.

या मंडळींना सरसकट देशद्रोही म्हणणे सोपे आहे आणि चूक आहे. दयानंद बांदोडकर खाणमालकच होते. तेच १९६३ मध्ये मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे म्हणून लढले. पोर्तुगीज कायद्याप्रमाणे ही निर्यात पूर्णपणे रीतसर होती. पण रीतसर असणे ही एक गोष्ट आणि तिचा परिणाम ही दुसरी. त्या खनिजाच्या पैशावर सालाझारची गोव्यातली सत्ता सहा वर्षे जास्त टिकली, हे नाकारता येत नाही. आग्वादच्या तुरुंगात सत्याग्रही खितपत पडले होते आणि मुरगावला जहाजे भरत होती.

डोक्यावरचे गाठोडे

आता सरहद्दीच्या या बाजूला येऊ. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी होती. भारतात परदेशी मालावर जबर जकात होती. शेजारच्या गोव्यात मात्र दारू उघड, हातघड्याळे स्वस्त, सोने स्वस्त. भावातला फरक जिथे असतो तिथून माल पाझरतो. बांदा, आरोंदा, तेरेखोलच्या वाटांनी तो पाझरला. रात्रीच्या अंधारात डोक्यावर गाठोडे घेऊन नदी ओलांडणारा माणूस, होडीच्या तळाशी घड्याळे दडवणारा तांडेल, ही त्या काळातली खरी माणसे आहेत. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते. पकडले गेले की माल जप्त, होडी जप्त आणि खटला.

गोवा मुक्त झाला तेव्हा, १९ डिसेंबर १९६१ रोजी, ही सरहद्द संपली. चोरटा व्यापार संपला नाही. १९६२ चा कस्टम कायदा आणि त्याच सुमारास आलेले सोन्यावरचे नियंत्रण यांनी त्याला नवे बळ दिले. दुबईहून येणारे सोने कोकणच्या खाड्यांत उतरू लागले. १९७४ मध्ये 'कोफेपोसा' आला. याच काळात हिंदी सिनेमाने स्मगलर रंगवला आणि कोकणी मुसलमान म्हटला की त्याच्या मागे होडी आणि पेटी चिकटवायची, अशी एक सवयच लागली. रेशनकार्डासारखी ही ओळख आपल्या माथी मारली गेली. जो खलाशी पी अँड ओ किंवा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटीवर इंजिनाच्या उष्णतेत आयुष्य काढून आला, त्याच्या मुलालाही नोकरीच्या मुलाखतीत "गाव कुठले?" या प्रश्नानंतरचे हसू सोसावे लागले.

यात कुणाला निर्दोष ठरवायचे नाही. चोरट्या व्यापाराने आपल्या गावांचे नुकसानच केले. त्याने सोप्या पैशाची चटक लावली आणि शाळा सोडायला लावल्या. पुढे याच वाटांचा उपयोग कशासाठी झाला हे १९९३ ने दाखवले. मुंबईतल्या स्फोटांची स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर उतरली आणि त्या खटल्यात लाच घेणाऱ्या कस्टम अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. घड्याळासाठी मिटलेला डोळा आरडीएक्ससाठीही मिटलेलाच राहतो, हा त्यातला धडा. त्या अधिकाऱ्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते. लाचेला धर्म नसतो, हे वाक्य आपण भाषणात फार वेळा ऐकतो. त्या निकालपत्रात ते नावानिशी लिहिलेले आहे.

मुद्दा एवढाच, की एका माणसाने गाठोड्याने निर्बंध मोडले आणि त्याची जात-जमात कायमची डागाळली. दुसऱ्याने जहाजाने निर्बंध निष्फळ केले आणि तो उद्योगमहर्षी ठरला. फरक पापाचा होता की मापाचा?

जगातले भाईबंद

गोव्याचा हा अनुभव एकटा नाही. ११ नोव्हेंबर १९६५ रोजी ऱ्होडेशियातल्या गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. डिसेंबर १९६६ मध्ये सुरक्षा समितीने निवडक मालावर आणि मे १९६८ मध्ये जवळपास सगळ्या व्यापारावर सक्तीचे निर्बंध घातले. ऱ्होडेशियात क्रोम होते आणि क्रोमशिवाय स्टेनलेस स्टील होत नाही. म्हणून क्रोम बाहेर जात राहिले. कसे? दक्षिण आफ्रिकेतून आणि मोझांबिकच्या बंदरांतून, 'मूळ देश' या रकान्यात दुसऱ्याच देशाचे नाव घालून. त्या वेळी मोझांबिक कुणाच्या ताब्यात होते? पोर्तुगालच्या, त्याच सालाझारच्या. गोव्यात भारताची कोंडी पचवलेल्या राजवटीने आफ्रिकेत दुसऱ्यांची कोंडी फोडायला बंदरे पुरवली. ब्रिटिश आरमार बैराच्या बंदरासमोर तेलाची जहाजे अडवायला वर्षानुवर्षे उभे होते, आणि दुसऱ्या बंदरांतून सगळे सुरळीत चालू होते.

याहून विलक्षण गोष्ट अमेरिकेने केली. १९७१ मध्ये तिथल्या काँग्रेसने बर्ड दुरुस्ती मंजूर केली. तिचा अर्थ असा, की युद्धोपयोगी खनिज साम्यवादी देशाकडून घ्यायला मोकळीक असेल, तर तेच खनिज इतर देशाकडून घ्यायला बंदी घालता येणार नाही. भाषा अशी गोलमोल, पण उद्देश एकच : ऱ्होडेशियाचे क्रोम. ज्या ठरावाच्या बाजूने अमेरिकेने मत दिले होते, तो तिने स्वतःच्या कायद्याने मोडला. ती दुरुस्ती १९७७ मध्ये मागे घेतली गेली. तस्कराला रात्र लागते. संसदेला दिवसाढवळ्या मतदान पुरते.

आपणही फार सोवळे नव्हतो. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत, साल १९४६. त्याचा अभिमान रास्त आहे. पण हिऱ्यांचा व्यापार लंडनमधल्या डी बिअर्सच्या विक्री संस्थेतून चाले. अनेक देशांचे कच्चे हिरे तिथे एकत्र होत, प्रतीनुसार वेगळे होत आणि पेट्यांतून विकले जात. त्यांत दक्षिण आफ्रिकेचेही असत. मुंबई-सुरतेला पैलू पाडायला येणारा खडा कुठल्या खाणीतला, हे पेटी उघडून कुणाला सांगता येणार? मिसळण करणे ही निर्बंध चुकवण्याची सर्वांत जुनी युक्ती. दुधात पाणी घालणाऱ्याला ती ठाऊक असते.

अलीकडचे उदाहरण काँगोचे. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेने इस्रायली व्यापारी डॅन गर्टलर यांच्यावर निर्बंध घातले. काँगोच्या खाणी त्यांच्याशी संबंधित परदेशी कंपन्यांना कमी किमतीत गेल्यामुळे २०१० ते २०१२ या काळात त्या गरीब देशाचे १३६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले, असे अमेरिकी अर्थखात्याने म्हटले. गर्टलर यांनी आरोप नाकारले. जून २०१८ मध्ये ग्लेनकोर या बड्या खाणकंपनीने त्यांना देय असलेली रॉयल्टी डॉलर सोडून दुसऱ्या चलनात देण्याचे ठरवले, कारण निर्बंधांची पकड डॉलरच्या व्यवहारावर होती. पुढे २०२२ मध्ये याच ग्लेनकोरने अनेक देशांत लाच दिल्याचा गुन्हा अमेरिका आणि ब्रिटनच्या न्यायालयांत कबूल केला. आफ्रिकेतल्या कोबाल्टच्या खाणीत हाताने दगड फोडणाऱ्या मजुराला या चलनबदलाचा अर्थ कळण्याचे कारण नाही. त्याच्या मुलाच्या शाळेला छप्पर नाही, एवढे त्याला कळते.

मुक्तीनंतर

गोवा मुक्त झाला, पण डोंगर मुक्त झाले नाहीत. पोर्तुगीज कन्सेशन तशाच चालू राहिल्या. त्या रद्द करून भाडेपट्ट्यांत बदलणारा कायदा संसदेने केला तो १९८७ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. तो पूर्वलक्षी होता, त्याला न्यायालयात आव्हान मिळाले, आणि दरम्यान खणणे चालूच होते.

मग चीन आला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चीनच्या भट्ट्यांना इतके लोहखनिज लागू लागले की गोव्यातला पूर्वी फेकून दिलेला हलक्या प्रतीचा मालही विकला जाऊ लागला. जगाच्या बाजारात भाव काही काळ टनाला शंभर डॉलरच्या वर गेला. आणि त्याच काळात, ऑगस्ट २००९ पर्यंत, सरकारला मिळणारी रॉयल्टी टनामागे तीस रुपयांच्या आत होती. दगड आपला, धूळ आपली, आटलेल्या विहिरी आपल्या. आणि त्या दगडाच्या मालकाला, म्हणजे जनतेला, वडापावाच्या दोन-तीन प्लेटची किंमत. २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांच्या पुढे माल गेला. त्यात कर्नाटकातून आलेला मालही होता.

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राने न्यायमूर्ती एम. बी. शहा यांचा आयोग नेमला. त्याचा गोव्याविषयीचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत ठेवला गेला. पट्ट्याच्या हद्दीबाहेरचे खोदकाम, परवानगीपेक्षा जास्त उत्पादन, अभयारण्यालगतच्या खाणी, तपासणीचा अभाव, आणि खात्यांनी वर्षानुवर्षे केलेली डोळेझाक यांचे चित्र त्यात होते. नुकसानीचा अंदाज ३४,९३५ कोटी रुपयांचा होता. खाणमालकांनी तो आकडा फेटाळला आणि त्यावर आजही मतभेद आहेत. पण न्यायालयाने जे ठरवले त्यावर मतभेदाला जागा नाही. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑक्टोबर २०१२ रोजी खाणकाम थांबवले आणि २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सांगितले, की पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती. त्यानंतरचे सगळे खाणकाम बेकायदा. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी राज्य सरकारने घाईघाईने दिलेली ८८ पट्ट्यांची नूतनीकरणेही रद्द झाली. २०२२ च्या अखेरीपासून लिलावाने नवे पट्टे दिले जाऊ लागले.

शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या बेलेकेरी बंदरात तर चमत्कारच झाला. २०१० मध्ये वनखात्याने बंदरावर लाखो टन खनिज जप्त केले आणि जप्त केलेल्या खनिजातले सुमारे पाच लाख टन काही महिन्यांत जहाजांत चढून निघून गेले. पाच लाख टन म्हणजे खिशातले घड्याळ नव्हे. त्याला हजारो ट्रक लागतात, जहाजे लागतात, बंदराचे, कस्टमचे, बँकेचे कागद लागतात. लोकायुक्त संतोष हेगडे यांचा अहवाल जुलै २०११ मध्ये आला आणि त्याच महिन्याच्या शेवटी मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना पद सोडावे लागले.

खाणी बंद झाल्या तेव्हा मोठे मालक बुडाले नाहीत. कर्ज काढून ट्रक घेतलेला तरुण, बार्जवरचा खलाशी, गॅरेजवाला, चहाची टपरी चालवणारी बाई बुडाली. त्यांत कुडचडे-सांगे-डिचोली भागातले आपले लोकही होते आणि आपल्या कोकणातून तिथे पोटासाठी गेलेलेही. भ्रष्टाचाराचा नफा वरून खाली येत नाही, त्याची शिक्षा मात्र वरून खालीच येते.

मआरिबचे मीठ

या सगळ्याकडे पाहताना आपल्या परंपरेत काही आहे का? आहे, आणि ते आपण क्वचितच आठवतो. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या हदीससंग्रहांत एक प्रसंग येतो. यमनमधल्या मआरिबचे अबयज बिन हम्माल प्रेषितांकडे (स.) आले आणि तिथले मिठागर आपल्या नावे करून द्यावे अशी त्यांनी विनंती केली. ती मान्य झाली. ते निघून गेल्यावर हजर असलेल्यांपैकी एकाने लक्षात आणून दिले, की ते मीठ न आटणाऱ्या पाण्यासारखे आहे. जो जाईल त्याला मिळते. तेव्हा प्रेषितांनी दिलेली देणगी परत घेतली.

या प्रसंगावर फिकहच्या ग्रंथांनी केवढा विचार उभा केला आहे! कोकणातले आपण बहुतेक शाफई. इमाम शाफईंनी मीठ, गंधक, डांबर अशा उघड्यावर असणाऱ्या खनिजांना सर्वांच्या हक्काचे मानले. सुलतानालाही ती एकाच्या नावे करता येत नाहीत. लोखंड, तांबे ही खोदून काढावी लागणारी खनिजे. त्यांच्याबाबत मावर्दी दोन मते नोंदवतात : एक म्हणते तीही देता येत नाहीत, दुसरे म्हणते देता येतात. हनफी मताप्रमाणे खाणीतल्या धातूचा पाचवा हिस्सा सार्वजनिक खजिन्याचा. गोव्यातल्या २००९ पूर्वीच्या रॉयल्टीशी हा पाचवा हिस्सा ताडून पाहावा.

मुदत नसलेली पोर्तुगीज कन्सेशन आणि मआरिबची परत घेतलेली देणगी यांच्यात चौदाशे वर्षांचे अंतर आहे; प्रश्न तोच आहे. डोंगर एका घराण्याच्या नावे पिढ्यान्‌पिढ्या करून देता येतो का? आणि दिला असेल, तर चूक कळल्यावर परत घेण्याचे धैर्य राज्यकर्त्यात असते का? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये विक्रीच्या किमतीचा दहा टक्के हिस्सा भावी पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवायला सांगितला, त्यामागचा विचार याच जातीचा आहे. खनिज एकदाच निघते. नातवाच्या वाट्याचे आज खाऊन टाकणे ही अमानतीतली खयानत आहे.

कुरआनात मापात पाप करणाऱ्यांवर एक संपूर्ण सूरा आहे, अल-मुतफ्फिफीन. घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी भरणारे, अशांविषयी ती आहे. लहानपणी मदरशात ती शिकताना डोळ्यांसमोर वाणी आणि तराजू येतो. आज त्या तराजूच्या जागी खाणीच्या फाटकावरचा वजनकाटा, जहाजाचे बिल आणि परदेशातल्या बहिणकंपनीला दाखवलेली कमी किंमत ठेवून पाहिली, तर सूरा जुनी वाटत नाही. कमी वजनाच्या चलनावर सही करणारा कारकून आणि खुर्चीवरून डोळे मिटणारा मंत्री दोघे त्याच तराजूवर बसलेले असतात.

आपल्या वाळूखाली

हे सगळे दूरचे आहे असे समजून पुस्तक मिटू नये. काळबादेवी, नेवरे, मालगुंड या गणपतीपुळ्याच्या आसपासच्या किनाऱ्यांवर वाळूत काळे पट्टे दिसतात. ते इल्मेनाइटचे, त्यातून टायटॅनियम मिळते. भूशास्त्रज्ञांनी या साठ्यांच्या नोंदी कित्येक दशकांपूर्वी केलेल्या आहेत. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर अशाच वाळूच्या खाणकामाने काय केले हे सर्वांसमोर आहे. तिथल्या सरकारला २०१३ मध्ये खासगी खाणकाम थांबवावे लागले. रेडीच्या डोंगरातले लोहखनिज केव्हाच जहाजांतून गेले. दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावाने खाणीविरुद्ध झुंज दिली. गणपतीपुळ्याच्या उत्तरेला जयगडला २००९ पासून मोठी जहाजे लागतात. बाजार दारापर्यंत आलेला आहे.

उद्या कुणी काळ्या वाळूचा कागद घेऊन ग्रामसभेत आला, तर त्याला काय विचारायचे हे गोव्याचा इतिहास शिकवतो. पट्टा किती वर्षांचा? हद्दीचे दगड कुठे? वजनकाटा कुणाच्या ताब्यात? माल कुणाला विकणार, आणि तो घेणारा तुमचाच भाऊबंद आहे का? किनाऱ्यावर जाळे टाकणाऱ्याचे काय? हे प्रश्न देवस्थानाच्या विश्वस्तांनी विचारावेत, मशिदीच्या जमातीने विचारावेत, मच्छीमार सोसायटीने विचारावेत. एकेकट्याने विचारले तर तो विकासाचा शत्रू ठरतो, आणि नाव मुसलमानाचे असेल तर त्याहून वाईट काहीतरी ठरतो. सगळ्यांनी मिळून विचारले तर ती ग्रामसभा ठरते.

ज्या समाजाला गाठोड्यावरून बदनाम केले गेले, त्याला जहाजाचा हिशेब मागण्याचा अधिकार इतरांइतकाच आहे. अनुभव थोडा जास्तच आहे. मआरिबच्या त्या बैठकीत मीठ सर्वांचे आहे असे सांगणाऱ्या माणसाची आठवण हदीसने जपली. त्याने फक्त वेळेवर तोंड उघडले होते.